परवान्यावरचं पाचवं नाव

नदीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या तुम्ही गाडीच्या टपावर होडी बांधून निघाल, आणि तिथे आधीच गर्दी काय कमी आहे! एवढं पुरे, की कायझर्सलाउटर्नहून ती तासाभरावर आहे, तिचा डावा काठ जर्मनीचा आणि उजवा फ्रान्सचा, आणि दोन्ही देशांनी मिळून तिच्यावर इतके नियम घातलेत की पाण्यापेक्षा कागदच जास्त. मार्चपासून अर्ध्या जूनपर्यंत नदी बंद, कारण काठावर पक्षी अंडी घालतात. मग जूनमधल्या एका रविवारी ती उघडते. त्यानंतरही दिवसाला बाराच होड्या, होडीत दोघं, आणि प्रत्येकाचं नाव परवान्यावर आधीच छापलेलं. पुलाखाली तपासनीस उभाच असतो. नाव नसेल तर पाण्यात पाय घालायचा नाही.

बरं, परवाना मिळाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. मध्ये एक जुना बंधारा आहे. तिथे होडी पाण्याबाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची, दीडशे-दोनशे पावलं चालायचं आणि बंधाऱ्याच्या खाली पुन्हा पाण्यात सोडायची. जर्मन काठ तिथे सरळ उभा कडा. चालण्यासारखी वाट एकच, फ्रेंच काठावरची, आणि ती जाते ओडिल नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या कुरणातून. परवान्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, जमीनमालकाची परवानगी ज्याची त्याने मिळवावी. सरकारनं हात वर केलेले. म्हणजे ओडिलबाई 'नाही' म्हणाल्या, की परवाना अर्ध्या नदीचाच.

मल्हार बारवकरच्या फेराइनला, म्हणजे तिथल्या होडीवाल्यांच्या मंडळाला, ही वाट पन्नास वर्षं मिळत होती ती एका माणसामुळे. एगॉन. वय एकोणऐंशी, आयुष्यभर लेथवर काम केलेला, हात फावड्याएवढे. कधीकाळी पुरात ओडिलबाईंच्या गाई त्यानं होडीतून दोर टाकून बाहेर काढल्या होत्या. तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं तोंडी शब्द दिला, कागद नाही. नवरा गेला, पण रीत राहिली. नदी उघडते त्या पहिल्या रविवारी एगॉननं पाण्यातूनच यायचं, दार वाजवायचं आणि विचारायचं, "यंदा जाऊ का?" बाईंनी म्हणायचं, "जा." मग कॉफी, आलुबुखाराचा केक, आणि वर्षभर फेराइनला वाट मोकळी. दुसऱ्या कुणी विचारून चालत नसे.

मल्हारला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं तो पुढे स्वतःला बरेचदा सांगायचा, पण होतं.

मल्हार सासवडचा. कायझर्सलाउटर्नला पीएचडी करायला आला त्याला सहावं वर्ष लागलेलं. आला तेव्हा त्याला पोहताही येत नव्हतं. एप्रिलच्या गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, होडीची शेपटी धरून, एगॉननं त्याला वल्हं मारायला शिकवलं. हा पोरगा कॉम्प्युटरवाला, म्हणून फेराइननं परवान्याचे सगळे ऑनलाइन अर्ज त्याच्या गळ्यात घातले, आणि त्यानं ते हौसेनं घेतले. फेराइनमध्ये सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे चक्क अरे-तुरे करतात. एगॉनला अरे म्हणताना मल्हारची जीभ अजून अडखळायची. मनात तो त्याला अहो-जाहोच करायचा, तेव्हा मल्हारच्या तोंडी आपणही तसंच लिहू.

तर मार्चच्या दोन तारखेला, शनिवारी, एगॉन बोट्सहाउसमध्ये, म्हणजे फेराइनच्या होड्यांच्या शेडमध्ये, आपल्या होडीच्या तळाला लाल पट्टा मारत होता. हातात रंगाचा डबा. मल्हार दारातून आत आला तसा तो न वळताच म्हणाला, "पहिला रविवार, मल्हार. माझं नाव घाल. ओडिलकडे जायचंय."

"या, या, गेनाऊ," मल्हार म्हणाला. म्हणजे हो, हो, अगदी. आणि खरंच, तिथल्या बाकावर बसून त्यानं फोनवर अर्ज भरला. फेराइनच्या तीन होड्या, सहा नावं. पाचवं नाव एगॉनचं. पाच मिनिटांत मंजुरीची मेल आली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मे महिन्यात सासरे आले.

मल्हारच्या बायकोचे, क्षितिजाचे वडील, दत्तात्रय नलवडे, फलटणचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. जावयाशी बोलणं आदराचं, 'मल्हारराव' शिवाय हाक नाही, पण त्या आदरात एक खडा असायचा. "मल्हारराव, अजून किती वर्षं कॉलेज?" हे त्यांनी विमानतळावरून घरी येईपर्यंत दोनदा विचारलं. फ्रँकफर्टचा विमानतळ पाहून झाला, कायझर्सलाउटर्नचं विद्यापीठ पाहून झालं, कशालाही "हं" पलीकडे दाद नाही. एके दिवशी मल्हारनं फोनवर बंधाऱ्याचा फोटो दाखवला, आणि आप्पा एकदम ताठ बसले.

"दगडी आहे का हो? सांडवा कुठल्या बाजूला?"

सहा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांनी जावयाला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मल्हारला काय आनंद झाला! "चला की आप्पा, होडीतूनच दाखवतो," तो बोलून गेला. क्षितिजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "ने रे, खरंच ने. किती खुलले बघ."

नदी उघडल्यावर सावकाश ने ना बाबा, घाई काय होती? पण पुढच्या सगळ्या रविवारांचे परवाने संपलेले, आणि जूनच्या शेवटी आप्पा म्युनिकच्या पुतण्याकडे महिनाभर जायचे. उरला तो पहिलाच रविवार. सहा नावं. बाकीचे चौघे फोनवर हटकून विचारणारे, आरडाओरडा करणारे. एगॉन कधी काही विचारायचा नाही. त्यानं एकदा सांगितलं की सांगितलं. मल्हारनं ऑनलाइन अर्ज पुन्हा उघडून पाचव्या ओळीत एगॉनचं नाव खोडलं आणि 'दत्तात्रय नलवडे' लिहिलं. एगॉनला उद्या फोन करू, तो समजून घेईल, असं मनाशी म्हणाला. दारच तर वाजवायचं, मीच वाजवीन, त्यात काय, असंही म्हणाला.

उद्या फोन केला नाही. परवाही नाही. फोन केला तर एगॉन 'नाही' म्हणेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच केला नाही. माणूस असा असतो बघा. ज्याचं उत्तर माहीत आहे तो प्रश्न विचारायचाच टाळतो.

त्या रविवारच्या आधी गुरुवारी संध्याकाळी एगॉनचाच फोन आला. आप्पा समोर सोफ्यावर नवीन लाइफ जॅकेट घालून बसले होते, पट्टे ओढून बघत होते.

"रविवारी किती वाजता निघायचं?" एगॉननं विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर आप्पा, अंगात नारिंगी जॅकेट, तोंडावर हसू. त्याच्या तोंडून निघालं, "एगॉन, यादीत तुमचं नाव नाही. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतंत."

"मी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"रंग देत होतो तेव्हा… नाही सांगितलं?"

"नाही हो. सांगितलं असतं तर घातलं नसतं का?"

एगॉन अगदी हळू म्हणाला, "हिल्डेचंही असंच सुरू झालं होतं." आणि फोन ठेवला.

हिल्डे म्हणजे एगॉनची बायको. चार वर्षांपूर्वी वारली. त्याआधी सहा वर्षं ती एक एक गोष्ट विसरत गेली, आधी किल्ल्या, मग रस्ते, मग नवऱ्याचं नाव. एगॉननं तिला घरीच सांभाळलं, शेवटचं वर्ष तेवढं वृद्धाश्रमात. या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती फेराइनमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. मल्हारला सगळ्यात जास्त ठाऊक होती. तो फोन हातात धरून उभा राहिला. परत लावावा, लावावा असं मनात चाललं होतं.

"मल्हारराव, हा पट्टा पुढून की मागून?" आप्पांनी विचारलं. मल्हार पट्टा लावायला गेला.

रविवारी ऊन छान पडलं होतं, म्हणून तर आणखी वाईट. आप्पा होडीत पुढे बसून लहान मुलासारखे खूश. बंधारा दिसला तसे म्हणाले, "काय बांधकाम आहे हो! चुना असणार." मल्हारचं लक्ष घराकडे. पाच जणांना काठावर थांबवून तो दाराशी गेला. दार वाजवायच्या आधीच उघडलं. ओडिलबाई एप्रनमध्ये. मागे टेबलावर दोनच कप, आणि केक.

"एगॉन?" त्यांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"त्यांना… जमलं नाही. मी विचारायला आलोय. यंदा जाऊ का?"

बाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आजारी आहे?"

"नाही."

"मग का आला नाही?"

मल्हारनं नजर काठाकडे वळवली. बाईंनी काठावर आप्पांना पाहिलं, पांढरे केस, नारिंगी जॅकेट. "म्हातारा माणूस आहे बरोबर, म्हणून आज जा," त्या म्हणाल्या. "पण वर्षाचा शब्द मी एगॉनला देते. त्याला म्हणावं, ये. तोपर्यंत फाटकाला कुलूप." आणि दार लावलं. होडी खांद्यावर घेऊन कुरणातून जाताना मल्हारला खिडकीतून ते दोन कप दिसले. आप्पा मागून सांगत होते की अशी सरळ भिंत आपल्याकडे आता कुणी बांधत नाही.

फेराइनच्या सभेत गोंधळ झाला. साहजिकच होता. अख्खा हंगाम बुडाला होता, परवाने होते आणि वाट नव्हती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पहिल्या रविवारी एगॉन का नव्हता?" मल्हारनं तोंड उघडलं. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर घोकलं होतं. पण त्याच्या आधी एगॉन उठला, खुर्चीच्या पाठीला धरून.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी मल्हारला सांगायलाच विसरलो."

कुणीतरी म्हणालं, "अरे, जाऊ दे, आता गाडी घेऊन जा आणि बाईंना विचार." एगॉननं मान हलवली. "मला पाठवू नका. मी तिथे जाऊन काय विचारायचं तेच विसरलो तर? शब्द देणाऱ्या बाईसमोर असा माणूस उभा करू नये." आणि बसला. मल्हारचं तोंड अजून उघडंच होतं. त्यानं ते मिटलं. लाज वाटली का? वाटली ना! कानाच्या पाळ्या तापल्या इतकी वाटली. पण लाज वाटणं आणि उठून बोलणं यांत फार अंतर असतं, आणि मल्हार त्या खुर्चीतून हलला नाही.

पुढच्या बुधवारी एगॉन मल्हारच्या घरी आला. न कळवता, जर्मन माणूस! क्षितिजा कामावर होती. आप्पांचं म्युनिक आठवडाभर पुढे गेलेलं, ते घरीच होते. त्यांना जर्मन शून्य, पण पाहुणा म्हणजे पाहुणा. त्यांनी चहा टाकला, आलं घालून.

एगॉननं टेबलावर बोट्सहाउसची किल्ली ठेवली. "तुझ्याकडे असू दे. माझ्याकडून हरवेल." मग सांगितलं की गाडी चालवायचं बंद केलंय. आणि हिल्डे होती त्याच वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. शुक्रवारी दहाला सही करायची. घर भाचीच्या नावावर. "जोवर सही करण्याएवढं डोकं चालतंय तोवर केलेली बरी. हिल्डेच्या वेळी मी उशीर केला." एवढं बोलून त्यानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला, आणि न पिताच खाली ठेवला.

आप्पा बघत होते. "काय म्हणताहेत हे?"

मल्हारनं भाषांतर केलं. "म्हणताहेत, विसरायला होतं. त्या रविवारी यायचं होतं, पण मला सांगायचं विसरले."

"कुठल्या रविवारी?"

"आपण गेलो त्या."

एगॉन उठला तेव्हा आप्पा त्याला खालपर्यंत पोचवून आले. वर येऊन खुर्चीत बसले आणि शांतपणे विचारलं, "ते विसरले, की तुम्ही विसरलात?"

"आप्पा—"

"बत्तीस वर्षं कालव्यावर काढली मी, मल्हारराव. रात्री दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी स्वतःच्या शेतात फिरवणारा माणूस सकाळी कसा दिसतो ते मला शिकवू नका. तुम्ही गेले तीन आठवडे तसे दिसताय."

मग मल्हारनं सांगितलं. मार्चची दोन तारीख, रंगाचा डबा, पाचवं नाव, फोन, सगळं. सांगताना त्याला वाटलं होतं आप्पा ओरडतील. आप्पा ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा असा पडला की मल्हारला बघवेना.

"म्हणजे त्या माणसाच्या पाणीपाळीवर मी बसून आलो," ते म्हणाले. "आयुष्यभर ज्याच्यासाठी लोकांचे पंप जप्त केले, पंचनामे केले, तेच तुम्ही माझ्या हातून करवलंत. आणि मी वर चुना की सिमेंट बघत होतो."

"तुम्हाला आनंद व्हावा म्हणून केलं, आप्पा."

"मला आनंद व्हावा म्हणून!" आता त्यांचा आवाज चढला. "अहो, मी मागितला होता का आनंद? रविवार गेला तर गेला. नदी आटली नसती. पाळी चुकली तर पुढची देता येते. त्यांचं डोकं त्यांना कोण परत देणार? जा. आत्ता जा."

मल्हार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. आत्ता जा म्हटलं तरी त्याला एक दिवस लागलाच. एगॉनच्या घरात खोकी भरून ठेवलेली. हिल्डेचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मल्हार उभ्याउभ्याच बोलला, एका दमात. "एगॉन, तुम्ही मला सांगितलं होतंत. मी तुमचं नाव घातलंही होतं. मग सासऱ्यांसाठी काढलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही काहीच विसरला नाहीत."

एगॉन त्याच्याकडे बघत राहिला. मग हसला, इतकं मायेनं की मल्हारला गलबलून आलं.

"बस," तो म्हणाला. "तुला एक सांगतो. हिल्डे किल्ल्या विसरायची ना, तेव्हा मी म्हणायचो, तू नाही विसरलीस, मीच उचलून ठेवल्या. दूध उतू गेलं की म्हणायचो, गॅस मी चालू ठेवला होता. सहा वर्षं मी तिच्या सगळ्या चुका माझ्या अंगावर घेतल्या. शपथा घेऊन. इतकं खरं बोलल्यासारखं कुणी खोटं बोललं नसेल. तिला समाधान व्हायचं." त्यानं मल्हारच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला मुलगा आहेस. पण मी हे खोटं ओळखतो रे. मीच त्यातला उस्ताद आहे."

"नाही, एगॉन, खरंच—"

"बरं, बरं. खरं." आणि त्यानं डोळे मिचकावले.

आता ऐका. मल्हारच्या खिशात फोन होता. फोनमध्ये मार्चच्या दोन तारखेची ती मेल होती, सहा नावांची, पाचवं नाव एगॉनचं. आदल्या रात्री त्यानं ती शोधून काढली होती, मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. हात खिशात गेला, बोटांना फोन लागला. आणि काढला नाही. का? कारण सांगून तर झालं होतं. खरं बोलून झालं होतं, आणि वर 'चांगला मुलगा' असंही ऐकून झालं होतं. इतकं स्वस्तात सुटतंय तर सुटावं, असं त्या वेळी त्याच्या मनानं घेतलं. एगॉननं निघताना त्याच्या हातात स्वतः केलेल्या जांभळट आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी ठेवली. "यंदाची शेवटची," म्हणाला. मल्हारनं ती घेतली. थँक्यूही म्हणाला.

घरी आप्पा जागेच होते. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू चांगला मुलगा आहेस." मल्हारनं बरणी टेबलावर ठेवली.

आप्पांनी बरणीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "म्हणजे नीट सांगितलं नाहीत," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

क्षितिजानं बरणी उघडायला हात लावला तर मल्हार तिच्या अंगावर खेकसला. ती चमकली. "काय झालंय तुला?" मग त्यानं तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "ने म्हणून मीच म्हटलं होतं. पण मला वाटलं तू त्यांना विचारलं असशील." तिनं बरणी परत टेबलावर ठेवली, झाकण न उघडता.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मल्हार एगॉनच्या दारात उभा होता. आप्पा बरोबर आले, पण खाली बाकावर बसले. "मला काही भाषा येत नाही, आणि हे तुमचं काम आहे," म्हणाले. मल्हारच्या एका हातात त्या मेलचा छापलेला कागद, दुसऱ्या हातात बरणी, खिशात एगॉनची किल्ली. एगॉननं दार उघडलं. कोट घातलेला, केस विंचरलेले, सहीला निघायच्या तयारीत.

"हे वाचा," मल्हार म्हणाला. दुसरं काही बोलला नाही. कालचं बोलणं वाया गेलं ते बोलण्यामुळेच.

एगॉननं चष्मा लावला. एका बोटानं ओळी मोजत तो खाली आला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. मग ते वर गेलं, तारखेवर. दोन मार्च, चार वाजून अकरा मिनिटं. पुन्हा पाचव्या ओळीवर आलं.

"लाल रंग होता," तो पुटपुटला. "डबा डाव्या हातात होता. मी वळलो नव्हतो, कारण पट्टा वाकडा झाला असता." त्याचा आवाज मोठा होत गेला. "तू म्हणालास, या, या, गेनाऊ! मी सांगितलं होतं! मी सांगितलं होतं रे!"

आणि तो कोटासकट जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला, मोठ्यानं, तोंडावर कागद धरून. एकोणऐंशी वर्षांचा माणूस पोरासारखा रडत होता, आणि ते सुखाचं रडणं होतं. मल्हारच्या डोळ्यांतही पाणी आलं. क्षणभर त्याला वाटलं, संपलं, सुटलो.

मग एगॉनचं रडणं थांबलं. त्यानं चष्मा पुसला, कागदाकडे पुन्हा पाहिलं.

"हा काल कुठे होता?"

मल्हारला खोटं बोलता आलं असतं. आज सकाळीच सापडला, असं. जिभेवर आलंही. "फोनमध्ये," तो म्हणाला. "खिशात."

"काल तू इथे बसला होतास तेव्हा?"

"हो."

"मी हिल्डेचं सांगत होतो तेव्हा?"

"हो."

एगॉन कठड्याला धरून उठला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यानं आत जाऊन फोन उचलला आणि वृद्धाश्रमाला लावला. स्वतःचं नाव सांगितलं, आजची तारीख सांगितली, दहाची वेळ सांगितली, आणि म्हणाला, येत नाही, खोली दुसऱ्या कुणाला द्या. मग दुसरा नंबर लावला, वही न बघता, फ्रान्सचा, लांबलचक. "ओडिल? मी एगॉन. तीन आठवडे उशीर झालाय… नाही, आजारी नव्हतो. रविवारी गाडीनं येतो. केक कर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. एगॉननं दाराकडे, मल्हारकडे पाहिलं. "नाही. एकटाच येतो."

मल्हार उंबऱ्यातच उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. त्यानं किल्ली काढून पुढे केली. एगॉननं ती घेतली, स्वतःच्या जुन्या जुडग्यात अडकवली. मग तोच हात पुन्हा पुढे आला, पंजा वर. मल्हारला वाटलं हात मिळवायचाय. त्यानं हात पुढे केला.

"बरणी," एगॉन म्हणाला.

मल्हारनं बरणी दिली. एगॉननं ती फळीवर ठेवली, लेबल पुढे करून, आणि दार हळूच लावलं.

खाली आप्पा बाकावरून उठले. "काय म्हणाले?"

"काही नाही. मुरंबा परत घेतला."

"मग आता त्यांच्यापर्यंत पोचलं," आप्पा म्हणाले. दोघं बसस्टॉपकडे चालू लागले. बस यायला बारा मिनिटं होती.